कवडशाने लिहिलेला आवाज

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या चिटणीसांनी या समारंभात चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा प्रश्न पडला. ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या कार्याचा आढावा आमच्याहून अधिकारी मंडळींनी घेतलाच आहे. आम्ही पडलो शाळामास्तर, तेही विज्ञान शिकवणारे. हातात काही सामान असल्याशिवाय आमच्या तोंडून शब्द फुटत नाही. म्हणून आज आम्ही हा एक डबा बरोबर आणला आहे. दुधाच्या भुकटीचा रिकामा डबा. दोन्ही बाजूंची झाकणे कापून काढली आहेत. एका तोंडावर फुग्याचे रबर ताणून दोऱ्याने बांधले आहे. आणि त्या रबरावर नखाएवढा आरशाचा तुकडा चिकटवला आहे. याला खर्च काय आला म्हणाल, तर फुग्याचा. आरसा आमच्या अम्मांच्या फुटलेल्या पेटीतला आहे.

या डब्याविषयी, आणि या डब्याने आमची जी चूक आमच्या पदरात घातली तिच्याविषयी, आज बोलावयाचे आहे.

आपल्यापैकी बहुतेकांनी विजापूरचा गोल घुमट पाहिला असेल. कलबुर्गीकडून शाळांच्या सहली तिकडे जातात, बिदरकडूनही जातात. महंमद आदिलशहाची ही कबर. तो १६५६ साली वारला. घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर. वरच्या सज्ज्यात भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजले की समोरच्या बाजूला भिंतीशी कान लावून उभ्या असलेल्या माणसाला ती कुजबुज स्वच्छ ऐकू येते. आवाज गोल भिंतीला बिलगून पुढे सरकत जातो, म्हणून हे घडते. १९२० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कुजबुजीच्या अशा सज्ज्यांचा अभ्यास केला, त्यात आपल्या या गोल घुमटाचाही समावेश होता.

आम्ही दर वर्षी मुलांना तेथे नेतो. मुले आपापली नावे ओरडतात, घुमट ती अनेक वेळा परत देतो. मग आम्ही जिना उतरून खाली येतो, आणि वर काहीच शिल्लक राहत नाही. घुमट आवाज परत देतो, पण ठेवून घेत नाही. आवाज ठेवून घ्यावयाचा तर त्याला कोठेतरी लिहावे लागते. आणि लिहावयाचे तर लेखणी हवी. आता आवाजाची लेखणी कशी असावी, हाच आजचा प्रश्न आहे.

हलगीवर चिमूटभर वाळू टाकून जवळ दुसरी हलगी वाजवली की वाळू उडते. दूर वाजलेल्या हलगीने हवा हलते आणि हवेने या हलगीचे कातडे हलते. आपल्या कानातही असाच एक पातळ पडदा आहे. तो जेमतेम एक सेंटीमीटर रुंद आहे. पण आईची हाक, बाजारातला गलका आणि अजानचा सूर त्याच्यावरूनच आत जातो. पडदा हलतो हे खरे. पण तो इतका थोडा हलतो, की डोळ्यांना दिसत नाही. त्याला काडी किंवा केस बांधून लिहायला लावले, तर त्या काडीच्या वजनानेच बिचारा पडदा दबून जातो. येथे प्रकाश मदतीस येतो. प्रकाशाच्या किरणाला हातात तोलण्याजोगे वजन नाही.

डब्यातला हिशेब सोपा आहे. आरशाचा तुकडा रबराच्या अगदी मध्यावर चिकटवावयाचा नाही. मध्य आणि कड यांच्या दरम्यान चिकटवावयाचा. म्हणजे रबर पुढेमागे हलले की आरसा किंचित कलतो. आरसा एक अंश कलला तर त्यावरून परतणारा किरण दोन अंश वळतो. समोरची भिंत पाच मीटरवर असली, तर तेवढ्यानेच कवडसा सुमारे सतरा सेंटीमीटर सरकतो. जी हालचाल रबरावर दिसतसुद्धा नाही, ती भिंतीवर वीतभर होते. खिडकीच्या फटीतून ऊन आरशावर घ्यावे, खोली अंधारी करावी, आणि डब्याच्या उघड्या तोंडात बोलावे. भिंतीवरचा कवडसा नाचू लागतो. कधी रेघ होतो, कधी अंड्यासारखा गोल, कधी गाठ मारलेल्या दोरीसारखा. सभेत आम्ही हा प्रयोग केला, पण छापील पानावर कवडसा नाचवता येत नाही. म्हणून वाचकांनी घरी करून पाहावा. डोळ्यांत ऊन जाणार नाही एवढी काळजी घ्यावी, आणि लहान मुलांच्या हाती लेसरची बत्ती देऊ नये.

आता आमच्या चुकीविषयी.

चार वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे नाव सांगत नाही. त्याने व त्याच्या घरच्यांनी ही हकीकत सांगण्यास परवानगी दिली आहे, नाव सांगण्यास नाही. वडील तूरडाळीच्या गिरणीत हमाल. मुलगा पाचवीत आमच्याकडे आला. विचारले तर उत्तर देई, पण अर्धवट. फळ्याकडे तोंड करून आम्ही काही सांगितले की त्याच्या वहीत दुसरेच काही उतरे. आम्ही त्याला मागच्या बाकावर बसवले. प्रगतिपुस्तकावर दोन वर्षे ‘लक्ष नाही’ असा शेरा आम्हीच आमच्या हाताने लिहिला. एकदा वडिलांना बोलावून घेतले, तेव्हा ते हात जोडून म्हणाले, “मास्तर, घरी पण असंच करतंय. दोनदा सांगावं लागतंय. तुम्हीच जरा वळण लावा.” आम्ही वळण लावण्याचा प्रयत्न केला. कसा केला ते येथे सांगण्याची आम्हांस शरम वाटते.

सहावीच्या वर्षाअखेरीस ध्वनीचा पाठ आला, आणि आम्ही हा डबा वर्गात नेला. खिडक्यांवर पोती लावून खोली अंधारी केली. एकेका मुलाने पुढे येऊन डब्यात बोलावयाचे आणि बाकीच्यांनी भिंत पाहावयाची. या मुलाची पाळी आली. त्याने ‘आ’ केले. भिंतीवर मोठी रेघ उमटली. त्याला असा आनंद झाला म्हणता, की तो ‘आ’ सोडीचना. आम्ही मागे उभे होतो. नेहमीच्या आवाजात म्हणालो, “आता ‘ई’ म्हण.” तो ‘आ’ म्हणत राहिला. पुन्हा सांगितले. पुन्हा ‘आ’. मुले हसू लागली. हा खोडी करतो आहे असे वाटून आम्ही चिडलो आणि एका खिडकीवरचे पोते ओढून काढले. उजेड आत आला. तो मागे वळला, आमच्या तोंडाकडे पाहिले, आणि आम्ही तेच शब्द तेवढ्याच आवाजात उच्चारताच लगेच ‘ई’ म्हणाला.

आम्ही पोते परत लावले, अंधार केला, आणि हळूच त्याचे नाव घेतले. तो हलला नाही. पोते काढले, नाव घेतले. त्याने आमच्याकडे पाहिले.

दोन वर्षे तो मुलगा आमचे ओठ वाचत होता. आम्ही फळ्याकडे वळलो की त्याच्या दृष्टीने आमचे बोलणे बंद होत होते. आणि मागच्या बाकावरून ओठ दिसणार तरी किती? लहानपणी त्याचे दोन्ही कान वाहत असत. घरच्यांनी तेल घातले होते, कोणी काही पाला पिळला होता. दोन्ही कानांच्या पडद्यांना भोके पडली होती. आमच्या डब्यावरचे रबर फाटले तर आम्ही लगेच नवे बांधतो, कारण फाटक्या रबरावर कवडसा नाचत नाही हे आम्हांस ठाऊक आहे. मुलाच्या कानाचा पडदा फाटला होता, आणि ते पाहावे हे आमच्यासारख्या विज्ञानाच्या पदवीधर व प्रशिक्षित मास्तरास दोन वर्षे सुचले नाही.

त्यानंतर आम्ही या विषयाची पुस्तके काढून वाचू लागलो, तेव्हा एक गोष्ट कळून फार नवल वाटले. आवाज डोळ्यांना दाखवण्याची ही सारी खटपट ज्यांनी केली, त्यांतल्या एका मोठ्या माणसाने ती बहिऱ्या मुलांसाठीच आरंभली होती.

पहिली पावले फ्रान्समध्ये पडली. पॅरिसच्या छापखान्यात काम करणारे एदुआर-लेओं स्कॉट यांनी १८५७ साली एक यंत्र केले. कर्ण्याच्या टोकाशी पातळ पडदा, पडद्याला एक राठ केस, आणि त्या केसाखाली काजळी धरलेला, रुळावर फिरणारा कागद. बोलले की काजळीवर नागमोडी रेघ उमटे. ती रेघ पुन्हा ऐकावी हा विचार त्यांच्या मनात नव्हता. आवाज वाचता यावा एवढीच इच्छा होती. त्यांनी ९ एप्रिल १८६० रोजी काढलेली एक रेघ २००८ साली अमेरिकेतील संशोधकांनी संगणकाच्या साहाय्याने ऐकवली. प्रथम सर्वांना वाटले की एखादी मुलगी गात आहे. मागाहून ध्यानात आले की वेग दुप्पट धरला गेला होता, आणि गाणारे बहुधा स्कॉट स्वतःच होते. एकशे अठ्ठेचाळीस वर्षे तो आवाज कागदावर मुका पडून होता.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचे नाव टेलिफोनमुळे आपण सारे जाणतो. पण पेशाने ते बहिऱ्या मुलांचे शिक्षक होते. त्यांच्या आईला कमी ऐकू येई. त्यांच्या पत्नी मेबल लहानपणी लाल तापाने बहिऱ्या झाल्या होत्या. मुलांना स्वतःच्या उच्चाराची रेघ दिसली, तर ती सुधारता येईल, अशी बेल यांची कल्पना. १८७४ साली बॉस्टनचे कानांचे डॉक्टर क्लॅरेन्स ब्लेक यांनी मृत माणसाचा कान त्यांना मिळवून दिला. बेल यांनी त्या कानातल्या हाडाला गवताची काडी लावली आणि काजळी धरलेल्या काचेवर त्या मेलेल्या कानाकडून रेघा काढून घेतल्या. एवढासा पडदा एवढी हाडे हलवतो, तर मोठा पडदा लोखंडाची पट्टी का हलवणार नाही, या विचारातून पुढे १८७६ चा टेलिफोन आला.

काडीऐवजी किरण वापरण्याचे काम १८७८ साली अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाचे प्राध्यापक एली व्हिटनी ब्लेक यांनी केले. टेलिफोनच्या तोंडातल्या लोखंडी पडद्यामागे त्यांनी छोटा आरसा जोडला, त्यावर उन्हाची तिरीप घेतली, आणि परतलेला किरण सरकत्या फोटोच्या काचेवर पाडला. काच धुतल्यावर त्या माणसाच्या बोलण्याची रेघ तिच्यावर उमटलेली दिसली. आमच्या डब्याचे हे थोरले भावंडच म्हणावयाचे.

दोन वर्षांनी, १८८० साली, बेल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स सम्नर टेंटर यांनी आणखी पुढची मजल मारली. त्यांनी आरसाच इतका पातळ केला की तोच पडदा झाला. त्याच्या मागून बोलले की आरसा कधी फुगे, कधी खोलगट होई, आणि त्यावरून निघालेले ऊन त्या मानाने पसरे किंवा एकवटे. जून महिन्यात वॉशिंग्टनमधल्या एका शाळेच्या गच्चीवरून टेंटर बोलले, आणि सुमारे २१३ मीटरवर बेल यांनी ते उन्हातून ऐकले. ऊन सेलेनियम या द्रव्यावर पाडले की त्याचा विजेला होणारा अडथळा कमीजास्त होतो. त्यावरून आवाज परत मिळतो. मध्ये तार नव्हती. नंतर याच मंडळींनी आवाजाने थरथरणारा प्रकाश फिरत्या काचेच्या तबकडीवर पाडून फोटोच्या रीतीने ध्वनिमुद्रणे केली. त्यांतल्या तबकड्या स्मिथ्सोनियन संग्रहालयात राहिल्या, आणि २०११ साली त्यांतल्या काहींना हात न लावता, केवळ प्रकाशाने तपासून, आवाज परत मिळवण्यात आला.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. रेघा वाचून बहिऱ्या मुलांना बोलणे शिकवावे हा बेल यांचा मूळ हेतू तसा सफळ झाला नाही. कारण आमच्या डब्यानेही दाखवता येते. एकच ‘आ’ दोन मुलांनी काढला तर दोन वेगळ्या आकृत्या येतात. रबराला स्वतःचा असा एक आवडता सूर असतो. तो लागला की ते उड्या मारते, आणि बाकीच्या सुरांना अंग चोरते. ‘स’ म्हणावे तर कवडसा जवळजवळ जागचा हलत नाही, कारण इतक्या बारीक आणि जलद कंपनांमागे जाड रबर धावू शकत नाही. अमेरिकेतील क्लीव्हलँडचे प्राध्यापक डेटन मिलर यांनी १९०८ च्या सुमारास काचेच्या अतिपातळ पडद्याला धागा बांधून इवल्याशा आसावरचा आरसा फिरवला आणि धावत्या फिल्मवर बासरी, सारंगीसारखी वाद्ये व माणसाचा गळा यांचे सुरेख फोटो काढले. त्यांनाही पडद्याची ही खोड हिशेबात धरून वजा करावी लागली.

आणि दुसरी गोष्ट. ज्या १८८० साली बेल उन्हातून ऐकत होते, त्याच साली मिलान शहरात बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि हातांच्या खुणांची भाषा शाळेतून काढून टाकावी असा ठराव झाला. बेल यांचेही मत तसेच होते. त्यापायी कित्येक पिढ्यांच्या बहिऱ्या मुलांचे हात वर्गात बांधले गेल्यासारखे झाले. २०१० साली व्हँकूव्हरच्या परिषदेने तो ठराव मागे घेऊन खेद व्यक्त केला. मुलांचे भले करावयास निघालेला शिक्षकसुद्धा मुलांना काय हवे ते विचारावयास विसरतो, हे वाचून आम्हांस आमचे ‘लक्ष नाही’ आठवले.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. आमच्या लहानपणी उरुसात, जत्रेत तंबूतला सिनेमा येई. फिल्म तुटली की यंत्रवाला ती जोडी आणि कापलेले तुकडे बाहेर फेकी. आम्ही पोरे ते गोळा करीत असू. घरी विजेचा जुना गोळा पाण्याने भरून, त्यातून ऊन घेऊन, भिंतीवर चित्र पाडण्याचा आमचा धंदा चाले. त्या तुकड्यांवर चित्रांच्या बाजूला एक बारीक पांढरी-काळी नागमोडी रेघ असे. ती यंत्रात घासल्याने पडली असावी असे आम्ही धरून चाललो. पुढे महाविद्यालयात गेल्यावर कळले, की तोच आवाज होता.

बोलपटाचे तंत्र येणेप्रमाणे. ध्वनिग्राहकातला पडदा हलतो, त्यातून विजेचा प्रवाह कमीजास्त होतो. तो प्रवाह एका बारीक आरशाला किंवा प्रकाशाच्या झडपेला हलवतो. आणि धावत्या फिल्मच्या कडेला सुमारे अडीच मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यात प्रकाश रेघ लिहितो. सिनेमागृहात त्या पट्ट्यातून दिव्याचा उजेड सोडतात. रेघेप्रमाणे तो कमीजास्त होतो, प्रकाशविद्युत्-घट त्याचा पुन्हा प्रवाह करतो, आणि कर्णा बोलू लागतो. दर सेकंदास चोवीस चित्रे, दर मिनिटास नव्वद फूट फिल्म.

भारतातला पहिला बोलपट ‘आलम आरा’. इंपीरियल कंपनीच्या अर्देशीर इराणी यांनी तो केला आणि १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात दाखवला. चित्र आणि आवाज एकाच वेळी एकाच फिल्मवर उतरवावे लागत. स्टुडिओजवळून रेल्वे जाई, म्हणून रात्री गाड्या थांबल्यावर चित्रण चाले. त्यात फकिराच्या भूमिकेत वझीर महंमद खान यांनी गायिलेले गाणे हे आपल्या बोलपटांतले पहिले गाणे.

पुढच्याच वर्षी, १९३२ साली, कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आणला. दिग्दर्शन शांतारामबापूंचे, संगीत गोविंदराव टेंबे यांचे, आणि आवाजाची बाजू विष्णुपंत दामले यांची. दामले हे बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली तयार झालेले. बाबूरावांनी कोल्हापुरात स्वतः कॅमेरा बनवला होता. त्या कारखान्यातले हे कसबी कारागीर. पदवी नव्हती, परदेशची शाळा नव्हती. पण प्रकाशाला मराठी लिहावयास शिकवले ते या माणसाने. पुढे १९३६ साली त्यांनी व फत्तेलाल यांनी मिळून ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. दामले आणि फत्तेलाल या जोडीविषयी आम्हांस विशेष जिव्हाळा वाटतो, तो का हे या सभेत सांगावयास नको.

‘अयोध्येचा राजा’ आजही पाहता व ऐकता येतो. ‘आलम आरा’ची मात्र एकही प्रत उपलब्ध नाही. काही छायाचित्रे उरली, जाहिराती उरल्या, आवाज गेला. त्या काळची फिल्म लवकर पेट घेणारी. कित्येक जुन्या फिल्मा आतील चांदी काढण्यासाठी विकल्या गेल्या. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली; तोवर तेहतीस वर्षे उलटून गेली होती. प्रकाशाने आपले काम चोख केले होते. सांभाळणारा कोणी नव्हता, म्हणून ते वाया गेले.

बंधुभगिनींनो, या दोन हकीकती आमच्या मनात एकमेकींशी जोडल्या गेल्या आहेत. एका बाजूला स्कॉटचा काजळीचा कागद. कोणी तरी जपला, म्हणून दीडशे वर्षांनी बोलला. दुसऱ्या बाजूला आमच्या मागच्या बाकावरचा मुलगा. त्याच्या वहीत दर पानावर पुरावा लिहिलेला होता: ‘पाणी’च्या जागी ‘वाणी’, ‘साल’च्या जागी ‘चाल’. जे ऐकू येत नव्हते ते तो रोज लिहून आम्हांस दाखवत होता. आम्ही त्याखाली लाल रेघ ओढत होतो.

पुढे काय झाले, ते सांगणे आमचे कर्तव्य आहे, कारण त्यात आपल्या ट्रस्टचा वाटा आहे. ट्रस्टच्या एका सभासदांनी, जे आज समोर बसले आहेत आणि नाव घेतलेले त्यांना आवडणार नाही, मुलाला व वडिलांना जिल्ह्याच्या रुग्णालयात स्वतः नेले. वडिलांची रोजी बुडू नये म्हणून त्या दिवसांचा खर्च ट्रस्टने दिला. एका कानाचा पडदा शस्त्रक्रियेने सांधता आला. कानाजवळच्याच स्नायूवरील पातळ आवरणाचे ठिगळ लावतात. दुसऱ्या कानाला यंत्र बसवले. मुलगा आता दहावीत आहे. तो पहिला येत नाही, मधला आहे. पण तो पुढच्या बाकावर बसतो, आणि आम्ही फळ्याकडे तोंड करून बोलू लागलो की “सर, इकडं बघून बोला” असे स्वच्छ सांगतो. त्याचे ते बोलणे आम्हांस कोणत्याही पारितोषिकापेक्षा मोठे वाटते.

एवढ्यासाठी आमची आपल्या विश्वस्तांस एक विनंती आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली मुलांच्या तपासणीची सोय आहे, आणि कान हा त्या तपासणीचाच भाग आहे. पण पथक ज्या दिवशी येते त्या दिवशी तूर काढायला गेलेले मूल शाळेत नसते. आणि चिठ्ठी मिळाली तरी गावाकडून जिल्ह्यापर्यंत जाणे घरच्यांना परवडत नाही. ट्रस्टने दर जूनमध्ये आपल्या तालुक्यांतल्या पहिलीच्या प्रत्येक मुलाचा कान तपासला गेला की नाही याची यादी ठेवावी, राहिलेल्यांना पुन्हा न्यावे, आणि प्रवासाचा खर्च द्यावा. मोठ्या तपासणीसाठी म्हैसूरला वाक्‌श्रवणाची अखिल भारतीय संस्था आहे. मुंबईतही तशी राष्ट्रीय संस्था आहे, आणि तिला आपल्या जुन्या हैदराबादचे व पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झालेले नवाब अली यावर जंग यांचे नाव दिलेले आहे. ज्यांचे कान औषधाने किंवा यंत्राने सुधारणार नाहीत, अशाही मुलांना शाळेच्या दाराबाहेर ठेवू नये. त्यांच्यासाठी खुणांची भाषा जाणणारा एक तरी शिक्षक तालुक्यात असावा. आमच्यासारखे जे मास्तर आहेत, त्यांनीही ती थोडी शिकावी. आम्ही सुरुवात केली आहे. आमची बोटे जड आहेत, मुले हसतात, पण समजून घेतात.

आणि घरोघरच्या आयाबहिणींना एकच सांगणे. मुलाचा कान वाहू लागला तर त्यात तेल, दूध, पाला काही घालू नका. कोरडा ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. ‘वयात आला की बरा होतो’ असे म्हणणारे शेजारी प्रेमानेच म्हणतात, पण पडद्याला पडलेले भोक त्यांना दिसत नसते.

आमच्या घरी दक्खनी बोलतात, शाळेत मराठी चालते, बाजारात कानडी लागते. त्या मुलाच्या घरी आणखी निराळी बोली. डब्यात कोणीही कोणत्याही भाषेत बोलावे. कवडसा सर्वांसाठी सारखाच नाचतो. भिंतीकडे बघणारे मात्र आपण हवे.

 डबा परत नेतो आहे. सोमवारी सहावीला ध्वनीचा पाठ आहे, आणि या वेळी खोली अंधारी करण्यापूर्वी सगळ्यांचे कान आम्ही आधी पाहणार आहोत.

जयहिंद.